आमच्या हद्दीत चोऱ्या होत नव्हत्या

संपादकांनी फोनवर चोरांच्या गमती मागितल्या. "जमादार, दिवाळीचा अंक आहे, लोक चिवडा खात खात वाचतात, हलकंफुलकं द्या," म्हणाले. मी हो म्हटलं. पोलिसात सत्तावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी टेबलामागे. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो आणि जे कधी कोणाला सांगितलं नाही तेच आधी पुढे येऊन बसलं. मी मुळात कमी बोलतो. आमच्या घरी म्हणतात, "तुमाले बोलतं कराचं म्हणजे रिमांडच घ्या लागते." तेव्हा आधी गमती सांगतो, मग उरलेलं.

अमरावतीच्या कडेला एक ठाणं आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. त्या ठाण्यात मी ठाणे अंमलदार होतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, ठाणं म्हणजे मोठ्या साहेबांची खोली. तसं नाही. ठाणं म्हणजे दारातून आत आल्यावर समोर दिसणारं पहिलं टेबल. रडत आलेला, चिडत आलेला, पिऊन आलेला, सगळे आधी त्या टेबलापाशी येतात. त्यांच्या तोंडून निघालेलं कागदावर कसं उतरायचं हे त्या टेबलामागचा माणूस ठरवतो. बारा-तेरा वर्षं तो माणूस मी होतो.

आमच्या हद्दीत एक कॉलनी होती. पूर्वी तिथे संत्र्याची बाग होती. झाडं तोडून प्लॉट पाडले, म्हणून मी इथे तिला बागेची कॉलनी म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. शिक्षक, बँकेतले बाबू, मोर्शीकडचे बागायतदार, ज्यांनी पोरांच्या शिक्षणासाठी इथे घर बांधलं आणि स्वतः शेतावरच राहिले. कडेला एका माळी कुटुंबाचं चार एकर रान उरलेलं होतं, त्यांची भाजी साऱ्या कॉलनीत जायची. अर्धे प्लॉट रिकामे, त्यात गाजरगवत. घराघराला लोखंडी जाळ्या.

त्या कॉलनीचे अध्यक्ष होते देशमुख गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची पहिली तक्रार मला अजून पाठ आहे. त्यांच्या कुंपणावरची जास्वंदीची फुलं रोज पहाटे चोरीला जात होती.

"गुरुजी, फुलाचा गुन्हा कसा दाखल करू?"

"काहून? फूल मालमत्ता नाही काय?"

"हाय, पन किंमत किती लिहू?"

"देवाले वाह्यची वस्तू हाय, जमादार. किंमत तुमी नका विचारू."

शेवटी एका सकाळी मी चालत गेलो आणि फुलचोर पकडला. गुरुजींच्याच सौभाग्यवती निघाल्या. आपल्या झाडाची फुलं तोडून त्या शेजारणीला देत होत्या, कारण शेजारीण त्यांना दूर्वा द्यायची. गुरुजींना मी इतकंच सांगितलं, "तपास पूर्ण झाला, मुद्देमाल देवाजवळ हाय." वहिनींनी त्या दिवशी मला दोनदा चहा पाजला.

दुसरी गोष्ट गंमत कमी, उपयोगाची जास्त. एका मुरलेल्या घरफोड्याला मी विचारलं होतं, रिकामं घर तू ओळखतो कसं? कुलूप तर लोक आतूनही लावतात. तो म्हणाला, "साहेब, कुलूप कोन पाह्यते? मी अंगन पाह्यतो. सडा नाही, रांगोळी नाही, म्हणजे बाई घरी नाही. बाई घरी नाही म्हणजे कोनीच नाही." आपल्याकडे बाई आजारी असली तरी अंगण कोरडं राहत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तेव्हापासून मी कॉलनीत सांगत असे, कौंडण्यपूरच्या यात्रेला जा, गावाला जा, पण शेजारणीला रांगोळी टाकायला सांगून जा. ज्यांनी ऐकलं त्यांचं भलं झालं. या एका गोष्टीचा मला अभिमान आहे. असं म्हणता येईल असं माझ्या नोकरीत फार नाही.

आता उरलेलं.

दर महिन्याला मुख्यालयात गुन्हे आढावा बैठक असते. प्रत्येक ठाण्याचे मोठे साहेब आकडे घेऊन जातात. मागच्या महिन्यात इतक्या घरफोड्या, या महिन्यात इतक्या. वाढल्या असतील तर उभं करून विचारतात. आमचे साहेब वाईट नव्हते. पण बैठकीहून परत आले की दोन दिवस त्यांच्याशी बोलायची सोय नसे. आकडा कमी करायचे दोनच रस्ते. चोऱ्या कमी करायच्या, नाही तर लिहायच्या कमी. पहिल्याला माणसं लागतात, गाड्या लागतात, रात्रीची गस्त लागते. दुसऱ्याला एक अंमलदार पुरतो.

मला कोणी कधी "लिहू नको" असं सांगितलं नाही. साहेब फक्त म्हणायचे, "जमादार, पाहून घ्या." मी पाहून घ्यायचो.

चोरी लिहिली की गुन्हा दाखल होतो. वस्तू हरवली असं लिहिलं की फक्त 'गहाळ'ची नोंद होते. शिक्का मारून दाखला मिळतो, आकड्यात काही येत नाही. तर चोरी झालेल्या माणसाकडून हरवल्याचा अर्ज घ्यायचा, तोही त्याच्या राजीखुशीने, ही माझी कला. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग म्हणायचं, "गुन्हा दाखल करू ना, काहून नाही? फक्त कोर्टात तारखांवर या लागन. मोबाईल तं भेटनार नाही, तुमाले सिम पायजे ना? गहाळ लिहून देतो, आत्ता दाखला घेऊन जा." दहातले आठ हुश्श करून सही करायचे. जाताना आभार मानायचे. त्या माळ्याचा, गजाननचा, मोटारपंप विहिरीवरून नेला, वायर कापलेली होती. मी लिहिलं, 'पंप मिळून येत नाही.' तो म्हणाला, "जमादार, पंपाले पाय फुटले काय?" मी हसलो. तोही हसला आणि अंगठा उठवून गेला.

त्यामुळे बागेच्या कॉलनीत चोऱ्या होत नव्हत्या. कागदावर.

प्रमिलाताई आल्या तो दिवस महिनाअखेरचा होता. संध्याकाळचे साडेपाच-सहा. चाळिशीच्या आतल्या बाई, हातात भाजीची पिशवी, पदर गळ्याभोवती घट्ट धरलेला. गजाननच्या रानातून मेथी घेऊन परत येत होत्या. मागून दोघं मोटरसायकलवर आले, मागच्यानं गळ्यातली सोन्याची पोत ओढली. पोत म्हणजे आमच्याकडे मंगळसूत्रासारखाच सौभाग्याचा दागिना. पदर सरकला तेव्हा मानेवर लाल रेघ दिसली, दोऱ्यानं ओढल्यासारखी.

त्या महिन्यात हद्दीत अशा दोन घटना आधीच नोंदल्या होत्या. तिसरी झाली तर साहेबांची बैठकीत खैर नव्हती.

मी पाणी दिलं. नेहमीचं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पन भाऊ, हरवली नाही ना ते. ओढली न त्यानं."

"ताई, कागदावर काय लिवलं त्यानं काय फरक पडते? सापडली तं तुमालेच भेटन."

"यायले काय सांगू घरी?" यजमानांबद्दल विचारत होत्या.

"जे झालं ते सांगा. हा कागद तं आमच्यासाठी हाय."

त्या थोडा वेळ अर्जाकडे पाहत राहिल्या. मग सही केली. त्या सही करत असताना, मला आठवतं, मी घड्याळाकडे पाहिलं होतं.

तीनेक महिन्यांनी त्यांचे यजमान आले. सुरेशराव, शाळेत लिपिक. सोबत माझ्या सहीचा तो कागद. टेबलापाशी उभ्या उभ्याच म्हणाले, "जमादारसाहेब, एक विचाराचं होतं. मंडळी घरी म्हणते, पोत ओढून नेली. इथं तं गहाळ लिवलेलं हाय. तिनं तुमाले काय सांगितलं होतं?"

मला तेव्हा घरचं काही माहीत नव्हतं. नंतर कळलं. प्रमिलाताईंचं माहेर अकोल्याचं. त्याच महिन्यात त्यांच्या भावानं तिकडे घराचा स्लॅब टाकला होता. सासूबाईंच्या मनात आलं, सुनेनंच पोत भावाला दिली आणि घरी चोरीचं सोंग केलं. सुरेशरावांना खरं वाटत नव्हतं. म्हणून तर ते विचारायला आले होते. ते माझ्याकडून 'ओढून नेली' हे दोन शब्द न्यायला आले होते, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावरूनही कळायला हवं होतं.

शेजारच्या खोलीत साहेब बसलेले, दार उघडं. मी म्हटलं, "सुरेशराव, जे सांगितलं ते लिहिलं."

त्यांनी कागद परत घेतला. कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गेले.

कॉलनीत मग एक वाक्य फिरू लागलं, 'प्रमिलाची पोत भावाच्या स्लॅबात गेली.' हसत हसत म्हणायचे. वर्षाच्या आत प्रमिलाताई आठवीतल्या मुलीला घेऊन अकोल्याला गेल्या, त्या परतल्या नाहीत. फारकत नाही, काही नाही, नुसत्या गेल्या.

त्याच सुमारास देशमुख गुरुजींनी कॉलनीला पोलीस चौकी मागणारा अर्ज दिला. दोनशेवर सह्या होत्या. उत्तराचा मसुदा साहेबांनी माझ्याकडे दिला. मी लिहिलं की सदर वसाहतीत मालमत्तेच्या गुन्ह्यांचं प्रमाण नगण्य असल्याने चौकीची आवश्यकता दिसून येत नाही. गुरुजींना वाईट वाटण्याऐवजी अभिमान वाटला. पत्र त्यांनी कॉलनीच्या फलकावर काचेत लावलं. प्लॉट विकणारे गिऱ्हाइकांना तिथे नेऊन ते वाचून दाखवू लागले. चौकी आली नाही, गस्तीची गाडी वाढली नाही, आणि मोटरसायकलवाले दोघं येत राहिले.

ते दोघं पुढे अकोल्यात पकडले गेले. आम्ही ताबा घ्यायला गेलो, त्यांना इकडे आणलं आणि घटनास्थळं दाखवायला कॉलनीत फिरवलं. त्यातला एक बोलका होता. "यहाँ एक, साहब. वो खंबे के पास एक." मी टिपत होतो. गजाननच्या रानाच्या वळणावर तो थांबला. "यहाँ भी एक किया था. बाई के हाथ में मेथी थी. थैली गिरी तो मेथी पूरी रोड पे फैल गई."

मेथीचं मला प्रमिलाताईंनी सांगितलं होतं. सांडल्याचं सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांनी ती रस्त्यावरून वेचून पिशवीत भरली आणि मग ठाण्यात आल्या.

तपास अधिकाऱ्यानं विचारलं, "ही आपल्या रेकॉर्डला आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग सोडा. जेवढे दाखल आहेत तेवढेच घ्या."

चोर माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहब, मैं तो कबूल कर रहा हूँ." त्याला गाडीत बसवलं. त्या वळणावर खरं बोलायची तयारी एकाच माणसाची होती आणि त्याच्या हातात बेड्या होत्या.

मी तेव्हाही गप्प राहिलो. त्यानंतरची वर्षंही गप्प राहिलो. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांचं कारण देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली. अर्जात खरं कारण न लिहायची सवय होतीच.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या साडूंच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. मुलासाठी मुलगी पाहत होते. अकोल्याची मुलगी, दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला, सगळं पसंत. फक्त वडिलांच्या कॉलनीत चौकशी केली तर आईबद्दल वेडंवाकडं ऐकू आलं, पोतीचं. "तुमी त्या ठाण्यात होता म्हणून आलो. पोलिसाच्या तोंडचं पक्कं असते. बाईनं पोत देल्ली व्हती का हरवली व्हती?"

मुलीच्या वडिलांचं नाव सुरेशराव निघालं आणि मी हातातला कप खाली ठेवला. मी म्हटलं, "दोन दिवसांनी सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याची एसटी धरली.

प्रमिलाताई भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करतात. केस पांढरे झालेले. मला लगेच ओळखलं. मशीन थांबवलं नाही. मुलीनं पाणी आणून ठेवलं आणि आत गेली, माझ्याशी नाही बोलली आणि आईशीही नाही.

मी सगळं सांगितलं. आकडे, बैठक, यजमानांना दिलेलं उत्तर, चोराचा कबुलीजबाब. मशीन चालूच होतं. शेवटी मी म्हटलं, "ताई, माह्याकडून चूक झाली. पोत ओढूनच नेली होती."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "मले सांगून काय फायदा, भाऊ? मले तं मालूम हाय."

"पाहुण्यांनाही सांगतो. आजच फोन करतो."

"एका पाव्हन्याले सांगसान. उद्या दुसरा येईन, तो कॉलनीत विचारन, त्याले कोन सांगन? जिथं पसरलं तिथं सांगा. सगळ्याईसमोर. तोंडानं." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "भेव वाटते काय?"

वाटत होतं. पाहुण्यांना त्याच रात्री फोन करून खरं सांगितलं. पण परत येताना बसमध्ये मी पेन्शनचा विचार केला, हेही लिहून टाकतो. दोन जुन्या सहकाऱ्यांशी बोललो. एक म्हणाला, "झालं गेलं. आता काहून उकरून राहिला? आमाले पन गोत्यात आनशीन." दुसऱ्यानं फोन ठेवला. घरी सांगितलं तेव्हा मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, "इतके वर्स माह्याजवळ पन नाही बोल्ले." तिला राग याचा आला होता.

बागेच्या कॉलनीची दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बैठक असते, मोकळ्या जागेवरच्या सभागृहात. विषय होता कॅमेरे कुठे बसवायचे. देशमुख गुरुजी आता पंच्याऐंशीचे, पण अध्यक्ष तेच. मी पाच मिनिटं मागितली. त्यांना वाटलं, जमादार सुरक्षेवर मार्गदर्शन करणार. माइक पुढे केला.

मी माइक नाही घेतला. म्हटलं, "प्रमिलाताईंची पोत त्यांनी कोणाला दिली नव्हती आणि हरवलीही नव्हती. ती दिवसाउजेडी त्या वळणावर ओढून नेली. मी स्वतः त्यांची मान पाहिली होती. तरी हरवली असं मी लिहून घेतलं, आकडा वाढू नये म्हणून. सुरेशराव विचारायला आले तेव्हा मी खोटं बोललो."

पंखे फिरत होते. मग गजानन माळी मागून उभा राहिला. "जमादार, माह्या मोटारपंपाचं काय व्हतं मंग?"

"चोरी."

"माह्या मोबाईलचं?" एक बाई.

"चोरी."

तिसऱ्यानं विचारलं, चौथ्यानं विचारलं. मला सगळ्यांचं आठवत नव्हतं. ज्यांचं आठवलं त्यांना सांगितलं. गुरुजी खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "मंग ते चौकीचं पत्र?"

"मीच लिहिलं होतं, गुरुजी."

"आन मी ते काचेत लावलं." ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहवला नाही. "लोकाईले वाचून दाखवलं मी, सुरक्षित वस्ती म्हणून."

दुसऱ्या रांगेत एक म्हाताऱ्या बाई होत्या, प्रमिलाताईंच्या सासूबाईंच्या मैत्रीण. सासूबाई वारून चार वर्षं झाली. या बाई हळूच म्हणाल्या, "ते स्लॅबाचं मीच काढलं व्हतं बाप्पा. हसाले म्हणून." कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सगळे सुरेशरावांकडे पाहत होते. ते दाराजवळच्या खुर्चीवर होते, दोन्ही हात गुडघ्यावर. ते उठले, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मी तुमाले विचाराले आलो होतो, साहेब." एवढंच. आणि बाहेर गेले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाहेर निंबाच्या सावलीत उभं राहून मी अकोल्याला फोन लावला. प्रमिलाताईंनी आधी विचारलं, "कोन कोन होतं?" मी घरवार नावं सांगत गेलो. त्या प्रत्येक नावाला "हं" म्हणत होत्या. सासूबाईंच्या मैत्रिणीचं नाव आल्यावर थोडं थांबून पुन्हा "हं."

"आन ते?"

"होते."

"काई बोल्ले?"

सुरेशरावांनी म्हटलेलं मी जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द इकडे-तिकडे केला नाही. पलीकडे मशीन थांबलं.

मग त्या म्हणाल्या, "भाऊ, ठेवू नका. पोट्टीले देतो फोन. मी सांगितलं तं ते आयकून घेते, पन डोळ्यात पाह्यत नाही माह्या. आठवीत होती तेव्हापासून. तिले सांगा. पयल्यापासून सांगा, काई नका गाळू."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मुलीच्या श्वासाचा आवाज आला.

"बाई," मी म्हटलं, "त्या दिवशी संध्याकाळी तुझी आई ठाण्यात आली तेव्हा टेबलावर मी होतो." आणि मी सांगायला लागलो.